बिशप ताबेर यांचा कोश : कालनिर्णयाचा एक प्रश्न

सेरामपूर म्हटले की मराठीच्या अभ्यासकास विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण (१८०५) आणि मोडी लिपीतील त्याचा मराठी कोश (१८१०) यांचे स्मरण होते. त्याच गावी १८३८ साली व्हिएतनामी भाषेचे दोन मोठे कोश छापले गेले, ही गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी परिचित नाही. त्यांतील एक व्हिएतनामी-लॅटिन व दुसरा लॅटिन-व्हिएतनामी असून, त्यांचे कर्ते म्हणून झाँ-लुई ताबेर या फ्रेंच कॅथलिक बिशपांचे नाव घेतले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील व्हिएतनामी उच्चारांविषयी काही सांगावयाचे झाल्यास ‘ताबेर, १८३८’ असा हवाला देण्याचा मोह सहज होतो. हा हवाला कितपत निर्धास्तपणे द्यावा हे ठरविण्यासाठी कोशाइतकीच त्या बिशपांची कारकीर्दही पाहावी लागते.

ताबेर यांचा जन्म १७९४ साली फ्रान्समधील सेंत-एत्येन येथे झाला. पॅरिसच्या परदेशी धर्मप्रचार संस्थेतर्फे ते १८२० मध्ये कोचिनचीनकडे निघाले. कोचिनचीन म्हणजे व्हिएतनामचा मध्य व दक्षिण भाग. केरळातील कोचीनशी त्याची गल्लत करू नये. १८२७ साली त्यांची तेथील ‘व्हिकर अपॉस्टोलिक’ या पदावर नेमणूक झाली. या पदाचा अर्थ समजून घेणे अगत्याचे आहे. पूर्वेकडील धर्मप्रांतांवर पोर्तुगालच्या राजाचा ‘पाद्रोआदो’ नावाचा आश्रयहक्क चालत असे, व त्याचे प्रमुख केंद्र गोवा हे होते. त्या हक्काला प्रत्यक्ष धक्का न लावता आपली माणसे पाठविता यावीत, म्हणून रोमने १६५९ पासून व्हिएतनाम व चीन यांकरिता थेट पोपच्या वतीने कारभार पाहणारे हे अधिकारी नेमण्यास आरंभ केला. बिशपपद त्यांना मिळे, परंतु ते एखाद्या लयास गेलेल्या प्राचीन नगराचे. ताबेर हे नावाने आशिया मायनरमधील इसॉरोपोलिसचे बिशप होते, आणि त्यांचे काम होते मेकाँगच्या मुलुखात!

१८३३ साली सम्राट मिन्ह माङ याने ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली तेव्हा ताबेर सयामात निसटले, तेथून पेनांगला व पुढे कलकत्त्यास आले. कोचिनचीनचे पद त्यांच्याकडे कायम होते. मात्र तेथे परतणे अशक्य होते. १८३८ मध्ये बंगालच्या व्हिकर अपॉस्टोलिक पदाचा भारही त्यांच्यावर आला. ३१ जुलै १८४० रोजी कलकत्त्यासच त्यांचे निधन झाले. बंगालमधील त्यांच्या अल्प कारभाराविषयी येथे विस्तार करण्याचे प्रयोजन नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहेत ती परागंदा अवस्थेतील वर्षे.

कारण कोश छापला गेला तो या परागंदा अवस्थेमुळेच. व्हिएतनामी शब्द त्यात दोन लिपींत दिले आहेत : एक चिनी धर्तीची नोम लिपी, आणि दुसरी मिशनऱ्यांनी घडविलेली, स्वरचिन्हांनी युक्त अशी रोमन लिपी. चिनी अक्षरांचे धातूचे खिळे सेरामपुरास होते, कारण जोशुआ मार्शमन याने तेथे चिनी बायबल छापून १८२२ मध्ये पुरे केले होते. नोम लिपीतील पुष्कळ अक्षरे चिनी लिपीत मुळीच नाहीत. ती नव्याने पाडावी लागली असली पाहिजेत. कॅथलिक बिशपाचा ग्रंथ बॅप्टिस्टांच्या छापखान्यात छापला जावा, याचे त्या काळी कोणाला नवल वाटले असल्यास ते क्षम्य होय.

आता मूळ प्रश्न. मुखपृष्ठावरच ताबेर यांनी प्रामाणिकपणे नमूद केले आहे की हा कोश पिन्यो द बेएन यांनी आरंभिलेला असून आपण तो पुरा करून प्रसिद्ध केला. पिन्यो हे ताबेर यांच्या पूर्वीचे कोचिनचीनचे व्हिकर अपॉस्टोलिक. त्यांचे हस्तलिखित १७७२-७३ मधील, व तेही पाँडिचेरीच्या आश्रयास असताना कोचिनचिनी सहकाऱ्यांच्या मदतीने सिद्ध झालेले. म्हणजे हा कोश दोनदा स्वदेशाबाहेर आणि दोन्ही वेळा भारतात घडला.

यातून काय निष्पन्न होते, ते एका उदाहरणाने पाहू. आलेक्सांद्र द रोद यांच्या १६५१ च्या कोशात आकाशवाचक शब्दाच्या आरंभी ‘ब्ल’ आणि म्हैसवाचक शब्दाच्या आरंभी ‘त्ल’ ही जोडव्यंजने आढळतात. ताबेर यांच्या कोशात दोन्ही ठिकाणी आजच्याप्रमाणे रोमन ‘त्र’ आहे. एवढ्यावरून हा बदल १८३८ च्या सुमारास झाला असे कोणी लिहिल्यास ते चूक ठरेल, कारण पिन्यो यांच्या हस्तलिखितातील वर्तनीच पुष्कळ अंशी आजच्या वर्तनीजवळ आलेली आहे. शिवाय दोघांचेही कार्यक्षेत्र दक्षिणेकडचे. उत्तरेकडील उच्चारांबाबत त्यांची साक्ष काढताना सावध राहावे लागते. माझ्या मते नुसता ‘१८३८’ हा आकडा लिहिणे म्हणजे दोन पिढ्यांचे अंतर पुसून टाकणे होय.

कोशात तिसराही एक थर आहे, आणि तो वेगळा काढणे सर्वांत कठीण. फान वान मिन्ह हा १८१५ साली जन्मलेला व्हिएतनामी विद्यार्थी कलकत्त्यात ताबेर यांच्यासमवेत कोशाचे काम करीत होता. त्याला मातृभाषेचे ज्ञान होते, बिशपांना अर्जित. कोणता अर्थ कोणाच्या मुखातून आला हे पानांवरून कळत नाही. मिन्ह पुढे स्वदेशी परतून पाद्री झाला, आणि १८५३ मध्ये विन्ह लाँग येथे त्याचा शिरच्छेद झाला. कॅथलिक पंथाने १९८८ साली त्याला संतपद दिले. मुखपृष्ठावर मात्र दोन बिशपांचीच नावे आहेत.

पिन्यो यांचे हस्तलिखित १९९९ मध्ये व्हिएतनाममध्ये प्रसिद्ध झाले आहे. ते सेरामपूरच्या प्रतीशेजारी ठेवून शब्दागणिक ताडून पाहिल्यास, जे मुद्रित कोशात आहे पण हस्तलिखितात नाही, तेवढेच ताबेर व मिन्ह यांच्या काळचे म्हणून बाजूस काढता येईल.