परसातल्या कोंबडीचं पोट

‘कोंबडी मोकळी सोडली की तिला वेगळं खाद्य कशाला?’ गावठी कोंबडीपुरतं हे बरंचसं खरं आहे. ती वर्षाकाठी जेमतेम 60-70 अंडी घालते, मधूनमधून खुडूक बसते आणि उकिरड्यावरचे किडे, खळ्यावर सांडलेले दाणे यांवर भागवते. पण आता परसात हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची ग्रामप्रियाही असते. तिच्याकडून 150 च्या पुढे अंडी हवीत आणि खर्च मात्र गावठीचा, हे जमायचं कसं? पिंजऱ्यातली अंड्यावरची कोंबडी दिवसाला 100 ते 120 ग्रॅम खाद्य खाते. परसातलीला त्यातला काही वाटा बाहेर मिळतो, सगळा नाही. शिवाय दिवसभर हिंडण्यात तिची ताकद खर्च होते ती वेगळीच.

‘गवत तर भरपूर आहे!’ असेल, पण कोवळ्या गवतात बहुतेक पाणीच, आणि कोंबडी काही रवंथ करत नाही. ती शेंडे टिपते, त्यातून जीवनसत्त्वं मिळतात. प्रथिनं मिळतात ती किडे, गांडुळं, वाळवी यांच्यातून, म्हणजे मुख्यतः पावसाळ्यात. एप्रिल-मेमध्ये परस उघडाबोडका पडतो, तेव्हा अंडी कमी झाली की सगळा दोष उन्हाला दिला जातो. ऊन बाधतंच, पण भूकही असते. संध्याकाळी खुराड्यापाशी मका-कणीबरोबर थोडी पेंड टाकावी, उन्हाळ्यात जास्त. त्या ओढीने कोंबड्या वेळेवर घरीही येतात.

सगळ्यात मोठा घोटाळा कॅल्शियमचा. एका अंड्याच्या टरफलात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम असतं. 100 ग्रॅम ज्वारीत ते 30 मिलिग्रॅमही नसतं. म्हणजे नुसत्या दाण्यावरची कोंबडी टरफल घडवते ते स्वतःच्या हाडांतून काढून. आधी टरफल पातळ होतं, मग बिनटरफलाचं मऊ अंडं पडतं, आणि पुढे कोंबडी पायांतून जाते. ‘मातीतले खडे खाते की ती,’ असं यावर हमखास ऐकू येतं. ते खडे पेठ्यात राहून दाणे दळतात. टरफलाला त्यांचा उपयोग नाही. टरफलासाठी शिंपल्यांचा जाडसर चुरा लागतो. तो वेगळ्या भांड्यात, संध्याकाळी ठेवावा, कारण टरफलाचं बरंचसं काम रात्री चालतं. लागेल तेवढा कोंबडी आपणच टिपते. घरातली टरफलंही वाळवून बारीक कुटून चालतात. ती दिली तर कोंबड्या अंडी फोडायला शिकतात, ही भीती अख्ख्या टरफलापुरतीच.

बलकाच्या केशरी रंगावर लोक भाळतात. तो रंग हिरव्या पाल्याचा, पिवळ्या मक्याचा. झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क खाद्यात घालून पिंजऱ्यातही तो आणता येतो. त्यामुळे रंगावरून कोंबडी चरली का, हे ठरत नाही.

‘बुरशी आलेला मका कोंबड्यांना चालतो’ हे मात्र धोक्याचं. त्यातलं अफ्लाटॉक्सिन यकृतावर घाव घालतं. असा मका फेकूनच द्यावा. आणि अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य पिल्लांपुढे ठेवू नये. त्यातलं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. पिल्लांची ताटली डालग्यात, आईची बाहेर.