एच-ब्रिज

एच-ब्रिज हे एकदिश म्हणजेच डीसी विद्युतप्रवाहावर चालणाऱ्या मोटरची दिशा व वेग नियंत्रित करणारे इलेक्ट्रॉनिक मंडल होय. चार स्विच आणि त्यांच्या मधोमध मोटर ही मांडणी कागदावर काढली असता रोमन लिपीतील एच या अक्षरासारखी दिसते. त्यावरून हे नाव पडले.

कार्य

समोरासमोरच्या कोपऱ्यांतील दोन स्विच चालू केले की मोटरमधून एका दिशेने प्रवाह वाहतो. दुसरी कर्णजोडी चालू केली की तो उलटतो व मोटर उलट फिरते. एकाच बाजूचे वरचे व खालचे स्विच एकदम चालू झाल्यास मात्र मोटर वगळून थेट लघुमंडल होते आणि स्विच जळू शकतात. वेग कमी-जास्त करण्यासाठी पुरवठा अतिशय जलद चालू-बंद केला जातो. चालू काळ निम्मा ठेवल्यास मोटरला सरासरी निम्मा दाब मिळतो.

जोडणी

आर्डुइनो उनोच्या एका पिनमधून सुमारे २० मिलिअँपिअर प्रवाह घेणे सुरक्षित मानतात. लहान मोटरलाही याच्या अनेक पट प्रवाह लागतो. म्हणून ती पिनला थेट जोडत नाहीत. पिन केवळ आज्ञा देते, शक्ती बॅटरीकडून येते. हे दोन पुरवठे वेगळे असले, तरी त्यांची ऋण टोके एकमेकांना जोडणे अनिवार्य असते. अन्यथा आज्ञेच्या दाबाला संदर्भच उरत नाही.

प्रचलित एल२९८ या चिपमध्ये असे दोन ब्रिज असून प्रत्येकाची मर्यादा २ अँपिअर आहे. १ अँपिअर प्रवाह असताना तिच्यात साधारण २ ते ३ व्होल्ट खर्ची पडतात. त्यामुळे ६ व्होल्टच्या बॅटरीवर मोटर मंद फिरते, हा दोष नसून चिपचा गुणधर्म आहे. मोटर बंद होताना तिच्या वेटोळ्यात निर्माण होणारा उलट दाब वाहून नेण्यासाठी या चिपला बाहेरून डायोड जोडावे लागतात. एल२९३डी या चिपमध्ये ते आतच असतात.

दोषनिवारण

मोटर फिरत नसल्यास प्रथम ती सोडवून योग्य दाबाच्या बॅटरीला थेट जोडून पाहावी. ती फिरली, तर दोष मंडलात आहे. त्यानंतर पुढील क्रमाने तपासणी करतात :

* मोटर चालवण्याची आज्ञा दिलेली असताना मल्टिमीटरने पुरवठ्याचा दाब मोजावा. तो कोसळत असल्यास बॅटरी अपुरी आहे.
* दोन्ही पुरवठ्यांची ऋण टोके जोडलेली आहेत का, ते पाहावे.
* 'इनेबल' पिनला ५ व्होल्ट मिळतात का, ते मोजावे.
* एका मोटरच्या दोन्ही आज्ञापिनांवर समान संकेत नसावा. तसे असल्यास मोटर ब्रेक लागल्याप्रमाणे थांबते.

मोटर सुरू होताच नियंत्रक पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असेल, तर मोटरच्या प्रारंभीच्या मोठ्या प्रवाहामुळे दाब खाली येतो. अशा वेळी नियंत्रकाला स्वतंत्र पुरवठा देतात. चिप फार तापत असल्यास मोटर कुठे अडकली आहे का, ते आधी पाहावे. अडकलेली मोटर सर्वाधिक प्रवाह ओढते. कोणतीही तार काढण्यापूर्वी वा जोडण्यापूर्वी पुरवठा बंद करणे आवश्यक असते.