पायी पाच मिनिटांवर

उर्दूत आपण ज्याला मोहल्ला म्हणतो, त्याला मराठीत कोठे आळी म्हणतात, कोठे पेठ. जुन्या मोहल्ल्यात शाळा, किराणा दुकान, दवाखाना असे सारे जवळच सापडते. तेथे माणसे पायीच फिरत, म्हणून दुकानेही चालणाऱ्याच्या सोयीने वसली. शहराबाहेरच्या माळावर नवी वसाहत उभी राहते, तेव्हा मात्र ही सोय आधी नकाशावर आखावी लागते. ती आखली नाही तर इमारती उंच होतात, रस्ते रुंद होतात आणि पाव किलो दही आणायलाही स्कूटर काढावी लागते. ज्यांना स्कूटर चालवता येत नाही, ती मुले आणि म्हातारी माणसे घरातच अडकतात.

अमेरिकेतील क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ साली न्यूयॉर्क परिसराच्या आराखड्यासाठी लिहिताना एक साधी कसोटी सुचवली. वस्तीच्या मध्यभागी प्राथमिक शाळा असावी आणि तेथे जाताना मुलांना वाहनांचा मोठा रस्ता ओलांडावा लागू नये. मोठे रस्ते वस्तीच्या कडेने जावेत. शाळेपासून वस्तीची कड साधारण पाव मैलावर, म्हणजे सुमारे ४०० मीटरवर असावी. माणूस मिनिटाला सुमारे ८० मीटर चालतो. हिशेब करून पाहा, पाच मिनिटे होतात! पेरींनी आखणीची सुरुवात मोटारीपासून न करता मुलापासून केली, हे मला फार मोलाचे वाटते.

पण नकाशावरचे अंतर आणि पायांखालचे अंतर एक नसते. समोर दिसणारी शाळा दोनशे मीटरवर असते. मध्ये सोसायटीची लांबलचक भिंत आली की वळसा घालून एक किलोमीटर चालावे लागते. म्हणून रस्त्यांची जाळी बारीक हवी. भिंतीत एखादे लहान फाटक ठेवले, तरी पुष्कळ काम होते. पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी जागा असावी, असे इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या सूचना सांगतात. उभ्या केलेल्या मोटारसायकली अर्थातच त्या मोकळ्या जागेत धरायच्या नाहीत.

आपल्या राज्यातील उदाहरण नवी मुंबईचे. खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, असा प्रस्ताव चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये मांडला. १९७० साली त्यासाठी सिडको स्थापन झाली. एकच अवाढव्य शहर न करता वाशी, नेरूळ, बेलापूर अशा वेगवेगळ्या वसाहती आखून त्यांचे सेक्टर पाडले गेले.

बेलापूरला कोरियांनी १९८० च्या दशकात आर्टिस्ट्स व्हिलेज नावाची बैठ्या घरांची वस्ती रचली. सात घरे मिळून सुमारे आठ मीटर लांब-रुंद असा एक चौक. असे तीन गट जवळ आणून एकवीस घरांमध्ये त्याहून मोठे, सुमारे बारा मीटरचे अंगण. पुढे याच रीतीने आणखी मोठी मोकळी जागा. दारातून बाहेर पडलेले मूल आधी ओळखीच्या चौकात येते, मग अंगणात, आणि शेवटी रस्त्यावर. पुढे अनेक रहिवाशांनी मूळ घरे पाडून उंच घरे बांधली. चौक मात्र बहुतेक ठिकाणी तसेच राहिले.