एका केसाला एक दाणा

एरवी कोरडी आणि उन्हाळ्यात अंग भाजून काढणारी तापी खोऱ्यातली हवा पावसाळ्यात चांगली उबदार, दमट होते. मक्याला ती फार मानवते. नरडाण्याच्या आसपास खरिपात कपाशीच्या जोडीला मका असतोच, आणि हल्ली कुणी घरामागच्या वाफ्यात हौसेने स्वीट कॉर्न टोकतं. कणसं भरतातही. पण उकडून दात लावावा तर काही दाणे गोड आणि काही चक्क पिठूळ! बियाण्याला दोष देऊन आपण मोकळे होतो. खरं कारण बहुतेक वेळा बांधापलीकडे उभं असतं.

मक्याच्या शेंड्यावर तुरा असतो, त्यात पराग. कणीस खाली, पेरावर. कणसातून लोंबणारा प्रत्येक केस आत एकेका होऊ घातलेल्या दाण्याला जोडलेला असतो. वाऱ्याने आलेला परागकण केसावर चिकटतो, त्यातून एक सूक्ष्म नळी फुटते आणि केसाच्या आतून वीतभर वाट काढत साधारण दिवसभरात दाण्यापर्यंत पोचते. कणसात पाचशे दाणे असले, तर असे पाचशे वेगवेगळे प्रवास सुफळ झालेले असतात. पाहायचंच असेल तर केस फुटल्यावर आठवड्याभराने एक कणीस अलगद सोलून हलवावं. काम झालेले केस गळून पडतात, राहिलेले घट्ट धरून बसतात. टोकाकडचे केस सगळ्यात शेवटी बाहेर येतात. तोवर पराग सरत आला तर कणसाचं टोक बोडकं राहतं.

आता गोडीचं. साध्या मक्याच्या दाण्यात साखरेचा स्टार्च होत जातो. गोड मक्यात एका जनुकातल्या बिघाडामुळे ते काम अडतं, साखर मागे राहते. पण शेजारच्या शेतातल्या परागाबरोबर धडधाकट जनुक आलं की तेवढ्या एका दाण्यात अडलेलं काम पुन्हा सुरू होतं. आंब्याच्या मोहरावर कोणत्याही झाडाचा पराग पडो, गराची चव आईच्या झाडाचीच राहते. मक्यात मात्र आपण खातो तो गर पुढच्या पिढीचा असतो, त्यात आईचे दोन वाटे आणि बापाचा एक. १८९८ साली सर्गेई नवाशिन यांनी फुलझाडांतलं हे दुहेरी फलन, म्हणजे एकाच परागकणातून अंकुर आणि गर अशा दोन्हींचं फलन, ओळखलं, तेव्हा या कोड्याची उकल झाली.

शेतातल्या मक्यापासून दोन-अडीचशे मीटर दूर राहणं गावातल्या परसात जमणारं नाही. उपाय तारखेचा आहे. दोघांचे तुरे किमान दोन आठवडे मागेपुढे यावेत. गोड मक्याला तुरा लवकर येतो, म्हणून शिवारातल्या पेरणीनंतर तीनेक आठवडे थांबून आपलं बी टोकावं. सुरकुतलेल्या त्या बियांत शिदोरी कमी असते, साचलेल्या पाण्यात त्या सडतात, तेव्हा वरंब्यावरच लावावं. कुंपणालगत एकच लांब ओळ नको, चार आखूड ओळींचा चौकोन करावा, म्हणजे पराग वाफ्यातच पडतो. झडीच्या दिवसांत उघडीप मिळताच सकाळी तुरे हाताने हलवावेत. पोंग्यात अमेरिकन लष्करी अळी आहे का, तेही पाहत राहावं. २०१८पासून ती आपल्याकडे ठाण मांडून आहे.

केस तपकिरी होऊन वाळले की दाण्यात नख रोवावं. दुधासारखा रस आला तर तोडावं आणि लगेच चुलीवर चढवावं, कारण तोडलेल्या कणसातही साखर घटत राहते. १९५०च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात जॉन लॉफनन यांनी पुढे आणलेल्या सुपरस्वीट मक्यात ती बरीच टिकते. त्यात बिघडलेलं जनुक निराळं आहे. त्यामुळे जुना गोड मका आणि सुपरस्वीट शेजारी लावले, तर दोघंही एकमेकांची उणीव भरून काढतात आणि दोन गोड आईबापांच्या पोटी पिठूळ दाणा येतो! वाफ्यात एका वेळी एकच वाण लावावं.