बस म्हटले की बसेलच असे नाही

विश्रांतवाडीत आमच्या सोसायटीमागे एका बांधकामाचा वाळूचा ढीग बरेच दिवस पडून होता. त्याच्या आडोशाला एक गावठी कुत्री डिसेंबरात व्याली. फेब्रुवारीपर्यंत पाचांतली दोनच पिल्ले उरली. त्यांतले एक आम्ही घरी आणले. रंगावरून नाव पडले भुऱ्या. वय साधारण आठ आठवडे.

तिसऱ्याच दिवशी घरात त्याचा अभ्यासक्रम ठरला. आठवड्याभरात शू-शी घराबाहेर. पंधरा दिवसांत ‘बस’, ‘ये’ आणि ‘थांब’. महिन्याभरात चपला चावणे बंद. आषाढीच्या आधी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदी रस्त्याने विश्रांतवाडीतून पुण्यात जाते, तेव्हा भुऱ्याला शेजारी शहाण्यासारखे बसवून दर्शन घ्यायचे, असे मुलांनी जाहीर करून टाकले.

मार्च संपेपर्यंत त्यातले जवळपास काहीच झाले नव्हते. दोन चपला गेल्या, एक सतरंजी गेली. एके रात्री घरात रीतसर वाद झाला. “याला काही समजतच नाही, होता तिथे सोडून या,” इथपर्यंत बोलणे गेले. त्या रात्री निर्णय झाला नाही, एवढेच. दुसऱ्या दिवसापासून आम्ही जरा वाचायला आणि वहीत नोंदी करायला लागलो. हळूहळू ध्यानात आले की आम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकच समजत होतो. पिल्लाला समजत नाही ही एक गोष्ट, आणि समजूनही जमत नाही ही दुसरी.

शूचेच पाहा. मूत्राशयावर ताबा येणे ही शरीराच्या वाढीची बाब आहे, शिकवणीची नाही. पशुवैद्य एक ढोबळ हिशेब सांगतात: पिल्लाचे वय जितके महिने, त्यात एक मिळवा. फार तर तितके तास ते जागेपणी थांबू शकेल. म्हणजे दोन महिन्यांचे पिल्लू तीन तास, तेही सगळे सुरळीत असेल तर. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर त्याला लगेच जावे लागते. आम्ही सकाळी दहाला दार ओढून शाळेत जात होतो आणि दीडला परत येऊन त्याला रागावत होतो!

रागावल्यावर भुऱ्या कान पाडून, नजर चुकवून कोपऱ्यात जाई. “बघा, त्याला कळतंय आपण काय केलं ते,” असे आजी म्हणत. आम्हालाही तसेच वाटे. अमेरिकेत अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग नेमका याच समजुतीवर आहे. चौदा पाळीव कुत्र्यांना खाऊ दाखवून ‘नको’ म्हटले आणि मालकाला बाहेर पाठवले. परत आल्यावर मालकाला कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही ते सांगितले जाई, पण कधी खरे, कधी खोटे. तो अपराधी चेहरा खाल्ल्यामुळे येत नव्हता, मालक रागावल्यामुळे येत होता. खाऊला तोंडही न लावलेल्या कुत्र्याला रागावले, तर त्याचा चेहरा उलट जास्तच अपराधी दिसे. थोडक्यात, दीड वाजताच्या रागावण्याचा अकरा वाजताच्या शूशी भुऱ्याच्या दृष्टीने काही संबंध नव्हता. शेवटी शेजारच्या काकूंनी साडेअकराला त्याला खाली नेण्याचे कबूल केले. पंधरा दिवसांत फरशी कोरडी राहू लागली.

चावण्याचेही तसेच. पिल्लाचे दुधाचे दात 28 असतात. चौथ्या ते सहाव्या महिन्याच्या सुमारास ते पडून 42 कायमचे दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि पिल्लू काहीतरी चावणारच. काय चावावे एवढेच आपल्या हातात असते. आम्ही चपला वर ठेवल्या आणि त्याला दोरीची एक जाड गाठ दिली.

मग पिल्लाला समजते तरी काय? फार समजते, आणि फार लवकर समजते. अ‍ॅरिझोना विद्यापीठातील एमिली ब्रे आणि सहकाऱ्यांनी सुमारे आठ आठवड्यांच्या 375 पिल्लांची चाचणी घेतली (2021). दोन भांड्यांपैकी खाऊ असलेल्या भांड्याकडे माणसाने बोट दाखवले, तर इतकी लहान पिल्लेही त्या खुणेचा उपयोग करत होती. ती जातिवंत कुत्री, असे कोणी म्हणेल. पण कोलकात्याच्या आयसरमध्ये (आपल्या पाषाणच्या आयसरची ही भावंड संस्था) अनिंदिता भद्रा यांच्या गटाने रस्त्यावरच्या कुत्र्यांचा असाच अभ्यास केला आहे (2017). तिथेही जवळून दाखवलेल्या बोटामागे पिल्ले सहज गेली. मोठी कुत्री मात्र बोट दाखवणारा माणूस भरवशाचा आहे का, हे अनुभवावरून पाहून वागत होती. भुऱ्यासुद्धा पनीरच्या तुकड्यावर ‘बस’ दोन दिवसांत शिकला.

फक्त स्वयंपाकघरात. जिन्यात ‘बस’ म्हटले की तो आमच्याकडे टकमक बघे, आणि खाली पार्किंगमध्ये तर तेही नाही. आमच्या वहीत त्या आठवड्याची नोंद अशी आहे: स्वयंपाकघर, दहापैकी नऊ, जिना, दहापैकी चार, पार्किंग, दहापैकी एक. हा हट्टीपणा नव्हता. त्याच्या लेखी ‘बस’ म्हणजे केवळ एक शब्द नव्हताच. ओट्याजवळची जागा, संध्याकाळची वेळ, पनीरचा वास आणि आईचा वर गेलेला हात हे सगळे मिळून ‘बस’ होते. जागा बदलली की धडा जवळजवळ नव्याने द्यावा लागतो. फळ्यावरची टक्केवारी बिनचूक सोडवणारा मुलगा दुकानातल्या सवलतीपाशी अडतो, हे शिक्षकांना काही नवे नाही.

त्यात आमच्या भाषेचा घोळ. पुण्यात कुत्र्याशी इंग्रजीत बोलण्याची एक रीत आहे. त्यामुळे बाबा ‘सिट’ म्हणत, मुले ‘बस’, आणि आजी ‘बैस रे बाळा खाली’. कुत्र्याला भाषेचे काही नाही, पण एका कृतीला तीन शब्द असतील तर मेहनत तिप्पट. आम्ही ‘बस’ नक्की केले. आजींनी ते मानले नाही.

धडा किती वेळ द्यावा? दोन-तीन मिनिटे पुरतात, तेवढ्यातच पिल्लाचे लक्ष सुटते. रोज तासभर घोटून घेण्याने काम लवकर होईल असे वाटते, पण डेन्मार्कमध्ये बीगल कुत्र्यांवर झालेल्या अभ्यासात (2011) आठवड्यातून एक-दोनदा धडा मिळालेली कुत्री रोज धडा मिळणाऱ्यांपेक्षा कमी धड्यांत शिकली. दिवस अर्थातच जास्त लागले.

आता पालखीची गोष्ट. कुत्र्याच्या पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा काळ ओळखीपाळखीचा असतो. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे केलेल्या कामातून हे पुढे आले. त्यांचा ग्रंथ 1965 साली निघाला. तिथेच झालेल्या एका प्रयोगात (1961) काही पिल्लांना चौदा आठवडे माणसाच्या सहवासापासून दूर ठेवले होते. ती पुढे माणसाला बुजणारीच राहिली. या काळात जे दिसते, ऐकू येते, ते पुढे नेहमीचे वाटते. लोहगावच्या तळावरून उडणारी लढाऊ विमाने आमच्या खिडक्या हादरवतात. पाहुणे दचकतात, भुऱ्या कूसही बदलत नाही. वाळूच्या ढिगाऱ्याआड त्याने ती जन्मापासून ऐकली होती.

अडचण अशी की याच काळात लसीकरण पुरे झालेले नसते आणि पार्व्होची भीती असते, म्हणून पिल्लाला रस्त्यावर सोडता येत नाही. आम्ही त्याला कडेवर घेऊन चौकापर्यंत जात असू. रिक्षा, बस, भाजीवाल्याची हातगाडी, शाळा सुटल्यावरचा गलका, सगळे दाखवले. पण हजारो माणसांची गर्दी आणि टाळ-मृदंग दाखवायला फेब्रुवारी-मार्चमध्ये ते असणार कुठून?

पालखीच्या दिवशी भुऱ्या सहा महिन्यांचा होता. आळंदी रस्ता अजून दोन गल्ल्या पुढे असतानाच त्याने शेपूट पोटाखाली घेतली आणि फरशीला चिकटला. ‘बस’, ‘ये’, पनीर, कशाचाच उपयोग झाला नाही. धाकटी रडकुंडीला आली: “याला सगळं येत होतं ना!” येत होते, पण घाबरलेल्या जनावराला आलेलेही आठवत नाही. चूक आमची होती. एकाने त्याला उचलून घरी नेले, बाकीच्यांनी दर्शन घेतले.

पुढच्या दोन महिन्यांत तो घरातही ऐकेनासा झाला. हाक मारली की बघून पाठ फिरवी. इंग्लंडमध्ये लुसी ॲशर यांच्या गटाने 2020 साली याविषयी लिहिले आहे. अंधांच्या मदतीसाठी वाढवल्या जाणाऱ्या कुत्र्यांनी पाचव्या महिन्यात ‘बस’ जितके ऐकले, त्यापेक्षा आठव्या महिन्यात कमी ऐकले. गंमत म्हणजे फक्त सांभाळणाऱ्या माणसाचे. परक्याने सांगितले तर ऐकत. ही वयात येण्याची लक्षणे, आणि ती ओसरतात. नववीचा वर्ग ज्यांच्याकडे आहे, त्यांना अधिक सांगायला नको. पण नेमक्या याच वयात पुष्कळ कुत्री घराबाहेर काढली जातात. “शिकवून पाहिलं, उपयोग नाही,” हे वाक्य आम्हीही मार्चमध्येच म्हणून बसलो होतो.

वर्गात हे सांगत असताना एका मुलाने विचारले, पोलिसांची कुत्री मग लगेच कशी ऐकतात? लगेच ऐकत नाहीत. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला झंजीर हा लॅब्रॅडोर जन्मला 7 जानेवारी 1992 रोजी. त्याचे शिक्षण इथेच, शिवाजीनगरला गुन्हे अन्वेषण विभागाच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात झाले. तो पथकात दाखल झाला 29 डिसेंबर 1992 रोजी, म्हणजे वर्षाचा होता होता. 12 मार्च 1993 च्या बॉम्बस्फोटांनंतर तीनच दिवसांनी धनजी स्ट्रीटवर त्याने स्कूटरमधली स्फोटके हुंगून काढली, तेव्हा तो चौदा महिन्यांचा होता. निवडून घेतलेले पिल्लू, शिकवणे हेच काम असलेली माणसे, आणि तरी एवढा काळ. आम्ही मात्र पंधरा दिवस धरले होते.

भुऱ्या आता अकरा महिन्यांचा आहे. खाण्याची ताटली खाली ठेवेपर्यंत ‘थांब’वर थांबतो. जिन्यात बसतो. आजींच्या ‘बैस रे बाळा’लाही बसतो, हे आम्हाला जरा लागले. वहीतली कालची नोंद अशी: पार्किंग, समोर मांजर, ‘बस’, दहापैकी चार.