तर्काचा अधिकार किती?

१९०२ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस पंजाबातील मुलकोवाल या गावी प्लेगची लस टोचून घेतलेल्या लोकांपैकी १९ जण धनुर्वाताने मृत्यू पावले, आणि ज्या प्रयोगशाळेतून ती लस आली होती त्या मुंबईच्या परळ येथील प्रयोगशाळेचे प्रमुख वाल्डेमार हाफकीन यांच्यावर त्या अनर्थाचा सारा ठपका आला. चौकशीत जी अनुमानपरंपरा मांडली गेली ती वरकरणी अत्यंत सुसंगत होती. दगावलेल्या सर्वांना एकाच कुपीतील लस टोचली होती, इतर कुप्यांतील लस घेतलेले सुखरूप होते, तेव्हा दोष त्या कुपीत होता. आणि कुपी परळहून भरून आली होती, तेव्हा दोष परळलाच उत्पन्न झाला.

यातली पहिली पायरी भक्कम आहे. दुसरी मात्र तशी नाही, कारण परळला भरलेली कुपी मुलकोवालला उघडली गेली होती, आणि ती उघडताना बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता. संसर्ग कुपी भरतानाच झाला असता तर इतक्या दिवसांनी ती उघडताना दुर्गंध जाणवायला हवा होता. तो जाणवला नव्हता. ही तफावत दाखवून रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या ‘टाइम्स’मधून दाद मागितली, तेव्हा कोठे हाफकीन यांच्यावरील किटाळ दूर झाले, आणि पुढे १९२५ साली परळच्या त्या संस्थेलाच त्यांचे नाव देण्यात आले. एका कर्तृत्ववान संशोधकाच्या उमेदीची वर्षे ज्यामुळे वाया गेली तो तर्काचा अभाव नव्हता. पायऱ्या नीट रचलेल्या दिसल्या की निष्कर्ष आपोआप सत्य ठरतो, हा जो सुशिक्षितांतही अत्यंत रूढ असलेला गैरसमज आहे, त्याचाच तो परिणाम होता.

या गैरसमजाचे निदान आपल्याकडील नैयायिकांनी, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांनी, फार पूर्वी करून ठेवलेले आहे. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तेथे अग्नी असला पाहिजे, हे अनुमान त्यांनी ग्राह्य मानले. परंतु अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे उलटे अनुमान त्यांनी साफ नाकारले, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. धूर निघायला ओले सरपण लागते. ती उपाधी, म्हणजे दडून राहिलेली अट, ध्यानात न घेता केलेले अनुमान दिसायला शुद्ध, पण वस्तुतः व्यभिचारी, म्हणजे साध्य नसतानाही आढळणाऱ्या, हेतूवर उभारलेले असते. ‘पाणी उतरवल्यावर ताप गेला, तेव्हा पाणी उतरवल्यानेच गेला’ असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा बोलणारा तर्क करीत नाही असे मुळीच नाही. तो तर्क करतो आहे, पण बहुतेक ताप कसलाही उपाय न करता ओसरतात ही उपाधी त्याच्या दृष्टीआड राहिली आहे. २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपतीच्या मूर्ती दूध पितात अशी वार्ता पसरली, तेव्हा चमच्यातील दूध कमी होताना ज्यांनी पाहिले त्यांचे प्रत्यक्ष खोटे नव्हते. ‘दूध चमच्यातून गेले’ येथपर्यंत प्रत्यक्ष होते, आणि ‘मूर्तीने ते प्यायले’ हे अनुमान होते. दुधात रंग मिसळताच पृष्ठताणाने ओढला जाऊन मूर्तीवरून खाली उतरणारा ओघळ दिसू लागला, आणि अनुमान तेवढे कोसळले. अशा प्रसंगी श्रद्धाळूंना मूर्ख ठरविणारे लोक स्वतःच एक तर्कदोष करीत असतात, असे मला वाटते, कारण चुकीच्या निष्कर्षावरून बुद्धीचा अभाव सिद्ध होत नाही.

दुसरा समज असा की तर्कशक्ती शाळेतून येते आणि निरक्षर मनुष्य ती बाळगीत नाही. या समजाला एका प्रसिद्ध संशोधनाचा आधार दिला जातो, म्हणून त्याकडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी १९३१ आणि १९३२ साली उझबेकिस्तानातील निरक्षर शेतकऱ्यांना प्रश्न विचारला, की अतिउत्तरेकडील हिमप्रदेशात सर्व अस्वले पांढरी असतात, नोवाया झेम्ल्या हे ठिकाण तिकडेच आहे, तर तेथील अस्वले कोणत्या रंगाची असतील? बऱ्याच जणांनी उत्तर देण्याचे नाकारले. आम्ही तिकडे गेलेलो नाही, जो गेला असेल त्याला विचारा, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे होते. वरवर पाहता ही तर्काची असमर्थता वाटते. परंतु जे पाहिले नाही त्याविषयी बोलू नये, ती अस्वले आम्ही पाहिलेली नाहीत, म्हणून आम्ही त्यांविषयी बोलणार नाही, अशी या नकाराची मांडणी करून पाहिली म्हणजे तेथे संपूर्ण अनुमान उभे असल्याचे दिसून येते. त्यांना निष्कर्ष काढता येत नव्हता असे नाही. परक्याने पुढे केलेले गृहीत, ते खरे की खोटे हे न पाहता, केवळ युक्तिवादापुरते स्वीकारण्याची रीत त्यांच्या परिचयाची नव्हती, आणि थोड्याशा शालेय शिक्षणाने ती रीत अवगत होते हेही लुरिया यांनाच आढळले. ही रीत मौल्यवान आहे, तिच्यावाचून गणित नाही आणि कायदाही नाही. पण शेतकऱ्यांनी जी शंका घेतली, की तुमचे पहिले वाक्य खरे कशावरून, ती शंका घेण्याची सवय शिक्षणाने जाता कामा नये.

कारण मूळ गृहीत पुरविणे हे तर्काचे काम नव्हेच. आणि येथेच तिसरा गैरसमज उभा राहतो, की भावना ही तर्काची वैरी असून समाजाचे प्रश्न निखळ तर्काने सोडविता येतील. मज्जाशास्त्रज्ञ अँटोनियो दमासिओ यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा एका रुग्णाची हकिगत दिली आहे, की मेंदूतील गाठीवरील शस्त्रक्रियेनंतर त्याची बुद्धी सर्व कसोट्यांना उतरत असूनही भावना बोथट झाल्यामुळे त्याला व्यवहारातील साधे निर्णयही धडपणे घेता येईनात. पण मला अधिक बोलका वाटतो तो आपल्याच मातीतला दाखला. सुरतेकडील एका विधवेला बालहत्येच्या आरोपावरून शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर दोषारोप होऊ लागले, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध प्रसिद्ध केला. साहस, कपट, मूर्खपणा हे जे दुर्गुण स्त्रियांच्या माथी मारले जातात, ते एकेक घेऊन पुरुषांतही ते तितकेच किंवा अधिक आहेत असे त्या दाखवितात, आणि जो दोष दोघांत समान आहे त्याबद्दल एकालाच दंड का, असा सवाल करतात. विधवेचे दुःख दुःख म्हणून मोजले पाहिजे, हे त्यांना कोणत्याही अनुमानाने शिकविले नव्हते. ते करुणेने आणि संतापाने शिकविले. मात्र त्या संतापाला ज्याने प्रतिपक्षाला निरुत्तर करण्याचे सामर्थ्य दिले तो तर्कच होता. जे बलवान आहेत त्यांना नियमाचे कारण सांगावे लागत नाही. कारण विचारण्याची गरज दुर्बळालाच असते, आणि समाजव्यवहारात तर्काचे मोल मला सर्वाधिक जाणवते ते यासाठी.

दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवणे म्हणजे बुद्धी गहाण टाकणे, हाही एक हट्टी समज आहे. न्यायशास्त्राने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली, आणि शब्द प्रमाण ठरण्यासाठी सांगणारा आप्त, म्हणजे वस्तू यथार्थपणे जाणणारा आणि जाणली तशी सांगणारा, असावा अशी अट घातली. आपले अवघे दैनंदिन जीवन या प्रमाणावर चालते. जमिनीची प्रत्येक पिढीतील वहिवाट स्वतः पाहून कोणी खरेदीखत करीत नाही. सातबारा आणि फेरफार पाहतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध शाबित होईपर्यंत किंवा तिच्या जागी दुसरी नोंद कायदेशीररीत्या होईपर्यंत, खरी धरली जाते. ‘विरुद्ध शाबित होईपर्यंत’ ही शब्दयोजना माझ्या मते विश्वासाची अत्यंत समंजस व्याख्या आहे, कारण तीत दप्तरावरचा भरवसाही आहे आणि दप्तर चुकू शकते याची कबुलीही आहे.

राहता राहिला वादविवाद. जो वादात जिंकला त्याचा पक्ष खरा, असे आपण सहज मानून चालतो; नैयायिकांनी मात्र सत्यनिर्णयासाठी केलेला तो वाद, जयासाठी केलेला तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खंडन करणारी ती वितंडा, असा स्पष्ट विवेक केला, आणि पराभवाच्या जागा म्हणून २२ निग्रहस्थाने सांगितली. त्यांतील ‘मतानुज्ञा’ हे आजच्या ग्रामसभेपासून विधिमंडळापर्यंत प्रत्येकाने ओळखून ठेवावे असे आहे. आपल्यावरील आरोपाचे निरसन न करता ‘तुमच्याकडेही तेच घडले’ एवढेच जो उत्तर देतो, त्याने तो आरोप मान्य केला असे नैयायिक धरतात. निधीचा हिशेब मागितला असता माजी सरपंचांच्या कारकिर्दीतील अफरातफर काढून दाखविणारा विद्यमान सरपंच टाळ्या मिळवीत असेल. पण न्यायशास्त्राच्या दृष्टीने त्याने स्वतःची बाजू सोडलेली असते, आणि सभेच्या कार्यवृत्तात दोघांकडूनही हिशेब येणे बाकी असल्याची नोंद व्हायला हवी.