ग्रीक तत्त्वज्ञान, ख्रिस्ती ईश्वरशास्त्र आणि आत्म्याचा प्रश्न

मुक्ताईनगरहून भुसावळमार्गे नाशिकला जाणाऱ्या उपासकांनी तेथील पांडवलेण्यांतील १७ क्रमांकाचे लेणे अवश्य पाहावे. धम्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त या योनकाने ते कोरवून भिक्खुसंघास दान दिले, असे तेथील शिलालेखात नमूद आहे. योनक अथवा यवन हे नाव मूळचे ग्रीकांचे. ग्रीक विचाराची गाठ ज्याप्रमाणे धम्माशी पडली, त्याप्रमाणे ती पुढे ख्रिस्ती धर्माशीही पडली. या दोन भेटींचे फलित मात्र भिन्न झाले.

येशू व त्याचे पहिले शिष्य यहुदी होते. ईश्वर मृतांना सदेह उठवील, ही त्यांची आशा होती. हा धर्म ग्रीक भाषिक नगरांत पोहोचल्यावर तो सुशिक्षितांना त्यांच्याच परिभाषेत सांगणे भाग पडले. दुसऱ्या शतकात जस्टिनने ख्रिस्त हाच ‘लोगोस’ होय, असे प्रतिपादन केले. लोगोस म्हणजे शब्द. तसेच विश्वाचे नियमन करणारी बुद्धीही. मराठी बायबलातील ‘शब्द’ या प्रतिशब्दात हा दुसरा अर्थ उतरत नाही. इ. स. २००च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने तत्त्वज्ञानाला ख्रिस्ताकडे नेणारी पूर्वतयारी मानले. त्याच्या ग्रंथात बुद्धाचाही उल्लेख आहे. इ. स. ३२५च्या निकिया परिषदेने पिता व पुत्र एकाच तत्त्वाचे आहेत हे सांगण्यासाठी जो ग्रीक शब्द योजला, तो बायबलात नाही.

आत्म्याच्या बाबतीत हा प्रभाव अधिक खोल गेला. आत्मा अशरीरी व स्वभावतः अमर आहे, हे प्लेटोचे मत. ऑगस्टिनसारख्या (३५४–४३०) आचार्यांनी ते स्वीकारले; प्लेटोचा पुनर्जन्म मात्र चर्चने नाकारला. परिणामी देहाचे पुनरुत्थान व अमर आत्मा या दोन कल्पना ख्रिस्ती धर्मात शेजारी शेजारी नांदत आहेत.

‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद भदन्त नागसेनांना प्रश्न करतो. नागसेन रथाचा दृष्टांत देतात. चाक, आस, दांडी यांपैकी एकही रथ नव्हे आणि यांवेगळा रथही नाही. तद्वतच पंचस्कंधांहून निराळा आत्मा नाही. ग्रीकांशी संवाद झाला, परंतु अनात्मवाद सोडला गेला नाही. आत्मा नसेल तर कर्म व पुनर्जन्म कसे, हा प्रश्न बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (१९५७) या ग्रंथाच्या प्रस्तावनेत उपस्थित केला आहे.

परभाषेतील शब्द घेणे हा दोष नव्हे. परंतु शब्दाबरोबर त्याचा सिद्धान्तही घरात येतो. आपल्या शोकसभांतून आजही ‘मृताच्या आत्म्यास शांती लाभो’ असे सहज म्हटले जाते. ज्या धम्मात आत्माच नाही, तेथे ही शांती कोणास लाभावी? वाचकांनी याचा विचार करावा, असे आम्हांस वाटते.